अश्वबल आणि वल्गा

सुशिक्षित कुटुंबांत मोटारींचा विषय निघाला कीं दोन पक्ष पडतात. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, ताशीं तीनशें किलोमीटर धांवणारी स्पोर्ट्स मोटार ही धनिकांची चैन होय. आपल्या रस्त्यांवर तिचा उपयोग नाहीं, आणि आपल्या मुलांनीं तिचीं चित्रें पाहण्यांत वेळ दवडावा हें तर मुळींच योग्य नाहीं. तरुण मंडळींचें लक्ष आंकड्यांवर असतें. किती सेकंदांत शंभराचा वेग गांठते, किती अश्वशक्ति आहे, एवढें त्यांना तोंडपाठ असतें. आम्हांस या दोन्ही पक्षांशीं थोडें भांडावयाचें आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या मोटारींच्या एंजिनांत जी खरी प्रगति झाली ती अग्नि वाढविण्यापेक्षां अग्नि आंवरण्याची आहे. घोडे बहुतेक तेच राहिले. वल्गा मात्र फार सूक्ष्म झाली. या वल्गेचा एक धागा आमच्या नगर शहरींहि वळला गेला आहे, आणि ही गोष्ट पुष्कळ नगरकरांनाच ठाऊक नसते. म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

अगोदर अग्नीचें काम पाहूं. अहमदनगरास (२०२४ पासून अधिकृत नांव अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दींत, १५४९ सालीं, महंमद बिन हुसेन रूमी नांवाच्या उस्तादानें ‘मुलूखमैदान’ ही प्रचंड तोफ ओतिली. ती आज विजापुरास बुरुजावर आहे. तोफ म्हणजे एका दृष्टीनें एकाच धांवेचें एंजिन होय. नळकांडें आहे, इंधन आहे, ठिणगी आहे. परंतु दट्ट्याच्या जागीं असलेला गोळा एकदां गेला तो परत येत नाहीं. सतराव्या शतकांत हॉलंडमधील ख्रिस्तियान हायगेन्स यानें तोफेच्या दारूनें नळकांड्यांतील दट्ट्या हलवून काम करून घेण्याचा प्रयोग मांडिला. पण दारू दर वेळीं मोजून घालणें आणि ठरल्या क्षणीं पुन्हां पुन्हां पेटविणें त्या काळीं साध्य नव्हतें. तें साधलें १८७६ सालीं, जर्मनींतील निकोलाउस ओटो याच्या चार धांवांच्या एंजिनांत.

ज्यांच्या घरीं सकाळीं प्राणायाम होतो, त्यांना या चार धांवा समजण्यास कठिण नाहींत. पहिली पूरक: दट्ट्या खालीं जातो आणि हवा व पेट्रोल आंत येतें. दुसरी कुंभक: झडपा मिटतात आणि दट्ट्या वर येऊन तें मिश्रण दाबतो. तिसरी ज्वलनाची: ठिणगी पडते, वायु तापून फुगतो आणि दट्ट्यास खालीं लोटतो. चौथी रेचक: जळलेला धूर बाहेर जातो. चार धांवांपैकीं कमावती एकच. बाकीच्या तिघी तिच्या जिवावर चालतात, आणि त्या तिघींवांचून तिलाहि कमावतां येत नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हा हिशेब नवा नाहीं.

अडचण आहे ती वेळेची. एंजिन मिनिटास सहा हजार फेरे घेत असेल, तर सेकंदास शंभर फेरे झाले. दोन फेऱ्यांस एक ज्वलन, म्हणजे प्रत्येक नळकांड्यांत सेकंदास पन्नास वेळां ठिणगी पडावयाची. आणि एकेक धांव सेकंदाच्या दोनशेंव्या भागांत पुरी व्हावयाची. तेवढ्या अवकाशांत पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हां, हे दोन प्रश्न सोडवावयाचे असतात. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा, हें पूर्ण ज्वलनाचें प्रमाण. पेट्रोल कमी पडलें तर एंजिन अडखळतें. अधिक झालें तर काळ्या धुराबरोबर पैसा जातो. ठिणगीहि दट्ट्या माथ्यावर पोंचण्यापूर्वीं किंचित् अगोदर पडली पाहिजे, कारण ज्योत पसरण्यास वेळ लागतो. आणि फेरे वाढले कीं ती आणखी अगोदर हवी.

फार वर्षें यांतील पेट्रोलाचें काम कार्बोरेटर करीत असे. हवेचा मार्ग मध्येंच अरुंद केला कीं तेथें हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि बारीक भोंकांतून पेट्रोल आपोआप ओढलें जातें. युक्ति सुंदर आहे. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी काय, किंवा १९७२ सालीं आलेली कायनेटिकची लूना काय, दोघींची चाल याच रीतीवर. मिस्त्री कान देऊन स्क्रू पाव वळसा फिरवी आणि एंजिनाचा स्वर लागे. ती विद्या खरी होती. तिला हंसण्याचें कारण नाहीं. परंतु स्क्रू एकाच जागीं बसतो आणि प्रसंग शंभर येतात. डिसेंबरांतील पारनेरची पहाट, मे महिन्यांतील शेवगांवची दुपार आणि माळशेजचा चढ, या तिन्ही ठिकाणीं हवेची घनता निराळी; स्क्रू मात्र तोच. म्हणून मधलें कांहीं प्रमाण पत्करावें लागे, आणि तें कोणत्याच प्रसंगास पुरतें बरोबर नसे.

आतां शक्ति वाढविण्याचे मार्ग मोजके आहेत. एंजिन मोठें करावें. त्याचे फेरे वाढवावे. मिश्रण अधिक दाबावें. किंवा टर्बो लावावा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून अधिक हवा आंत कोंबावी. हा पंखा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो. शेवटल्या दोन मार्गांच्या आड एक शत्रु येतो. मिस्त्री त्यास ‘नॉकिंग’ म्हणतात. मिश्रण फार दाबलें किंवा फार तापलें, तर ज्योत पोंचण्यापूर्वींच त्याचा कांहीं भाग स्वतःहून भडकतो. हातोडीचे ठोके पडल्यासारखा आवाज येतो, आणि तो चालूं दिला तर दट्ट्या फुटतो. गंमत अशी कीं, सर्वांत अधिक काम मिळतें तें बहुधा या कड्याच्या अगदीं जवळ. आमच्या अकोले तालुक्यांतील हरिश्चंद्रगडावर जे गेले असतील त्यांनीं कोंकणकडा पाहिला असेल. धुकें दाट असतां शहाणा मनुष्य कड्यापासून पन्नास पावलें मागें थांबतो; धुकें विरलें कीं तोच मनुष्य कड्याजवळ सावधपणें जाऊन बसतो. कार्बोरेटरच्या काळचा कारागीर धुक्यांत होता. कडा कोठें आहे हें कळत नसल्यामुळें त्याला पुष्कळ मागें राहावें लागे, आणि त्या पन्नास पावलांत एंजिनाची बरीच शक्ति वाया जाई.

हें धुकें कसें विरत गेलें त्याची हकीकत थोडक्यांत अशी. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या प्रसिद्ध मोटारींत पेट्रोल थेट नळकांड्यांत फवारलें जाऊं लागलें, पण तें काम यंत्राच्या पंपानें होत असे. १९६७ सालीं बॉश कंपनीची ‘डी-जेट्रॉनिक’ ही रचना फोक्सवॅगनच्या एका साध्या मोटारींत आली. आंत जाणाऱ्या हवेचा दाब मोजून, इंजेक्टर किती काळ उघडा ठेवावयाचा हें ट्रान्झिस्टरांची एक पेटी ठरवूं लागली. या पेटीस शर्यतीपेक्षां अमेरिकेंतील धुराच्या कडक नियमांनीं अधिक चालना दिली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

१९७६ सालीं ‘लॅम्डा’ सेन्सर आला. तो धुराच्या नळींत बसतो आणि धुरांत उरलेला प्राणवायु मोजतो. तोंपर्यंत एंजिनास इंधन दिलें जाई, परंतु ज्वलनाचा निकाल कोणी पाहत नसे. आतां उत्तरपत्रिका तपासून मगच पुढचा धडा देण्याची शिस्त लागली; उत्तर चुकलें कीं पुढल्याच क्षणीं इंधनाचें प्रमाण बदलतें. १९७९ सालीं बॉशच्या ‘मोट्रॉनिक’नें इंधन आणि ठिणगी हीं दोन्ही खातीं बीएमडब्ल्यूच्या एका मोटारींत एकाच पेटीकडे सोंपविलीं. हीच पेटी आज ईसीयू म्हणून ओळखली जाते. आमच्याकडील मिस्त्री तिला बहुधा ईसीएम म्हणतात.

या पेटीस वेळ कशी कळते तें पाहण्यासारखें आहे. एंजिनाच्या दांड्यावर एक दांत्यांचें चक्र असतें. साठ दांते बसतील अशा समान अंतरावर ते कोरलेले असतात, पण त्यांतील दोन मुद्दाम गाळलेले असतात. शेजारचा सेन्सर दांते मोजीत असतो आणि ती रिकामी जागा आली कीं फेरा कोठून सुरू झाला हें ओळखतो. जपमाळेंत मेरुमण्यानें बोटांस जें कळतें, तेंच येथें गाळलेल्या दोन दांत्यांनीं कळतें.

पुढें १९८० च्या सुमारास नॉकिंगचा सेन्सर वापरांत येऊं लागला. कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांतून विजेचा सूक्ष्म प्रवाह निघतो, हा शोध पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० मध्यें लाविला होता. शंभर वर्षांनंतर तोच गुण एंजिनाच्या भिंतीवर कान होऊन बसला. पहिला बारीक ठोका ऐकूं आला कीं पेटी त्या नळकांड्याची ठिणगी किंचित् उशिरां पाडते, आणि ठोके थांबले कीं हळूहळू पुन्हां पुढें सरकते. मिस्त्रीचा कान जें काम गॅरेजमध्यें एकदां करीत असे, तें हा कान प्रत्येक ज्वलनास करितो. कडा दिसूं लागला तो येथें. १९८९ मध्यें होंडानें ‘व्हीटेक’ ही योजना आणिली. तींत झडपांची उघडझांप मंद चालीस एक आणि वेगवान चालीस दुसरी अशी ठेवतां येऊं लागली. पुढें तर पायाखालच्या पेडलास एंजिनाशीं जोडणारी तारहि गेली. आजच्या मोटारींत पाय हुकूम करीत नाहीं, अर्ज करितो. तो किती मंजूर करावयाचा हें पेटी ठरविते.

याचें फळ आंकड्यांत पाहूं. पद्मिनीचें एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें आणि शक्ति सुमारें ४० अश्वशक्ति. म्हणजे लिटरमागें सुमारें ३७. बुगाटी व्हेरॉन ही २००५ सालची मोटार १००१ अश्वशक्तीबद्दल जगभर गाजली. पण तिचें एंजिन ८ लिटरचें, सोळा नळकांड्यांचें आणि चार टर्बोंचें. लिटरमागें हिशेब केला तर १२५ भरतो. २०१९ मध्यें मर्सिडीज-एएमजीनें केवळ दोन लिटरच्या, चार नळकांड्यांच्या एंजिनांतून ४२१ अश्वशक्ति काढिली. लिटरमागें २१० हून अधिक. तेंच एंजिन बाजाराच्या गर्दींत मुकाट्यानें रांगतें. मोठ्या आकड्यास भुलणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनीं हा भागाकार करून पाहावा. उत्तम धातु, थंड करण्याच्या नव्या रीति आणि अधिक चांगलें पेट्रोल यांचाहि या प्रगतींत वांटा आहे. तथापि कड्याच्या इतकें जवळ सुखरूप राहतां येतें तें त्या पेटीमुळेंच.

वडील मंडळींसहि एक सांगावयाचें आहे. श्रीमंताच्या गाडींत जें प्रथम परवडलें तें पुढें सर्वांच्या दारीं आलें. १ एप्रिल २०२० पासून देशांत बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले आणि नव्या स्कूटर-मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहींसा झाला. आज सूनबाई ज्या स्कूटरवर बाजारांत जाते तिच्यांत इंजेक्टर आहे, लॅम्डा सेन्सर आहे आणि निर्णय करणारी पेटीहि आहे.

आतां नगरकडे वळूं. घोडदळाचें रणगाडादळ कसें झालें हें पाहावयाचें तर नगरचें १९९४ सालीं सुरू झालेलें रणगाडा संग्रहालय पुरे आहे. शाळांच्या सहली तेथें जातातच. परंतु सहलींस न दिसणारी एक संस्था येथें आहे. फाळणीच्या वेळीं रावळपिंडीजवळच्या चकलाला येथून लष्करी वाहनांची तपासणी करणारें एक केंद्र नगरास आलें. त्याचीच पुढें वाढ होऊन व्हीआरडीई, म्हणजे संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमांत, नव्या वाहनाचा नमुना तपासण्याचा अधिकार ज्या संस्थांस दिला आहे, त्यांत पुण्याच्या एआरएआय बरोबर नगरच्या या संस्थेचेंहि नांव आहे.

हिच्या एका कामाचा आमच्या विषयाशीं थेट संबंध येतो. जर्मनींतील फेलिक्स वांकेल यानें दट्ट्या वर-खालीं नाचविण्याऐवजीं, फुगीर बाजूंचा त्रिकोण एका लांबट घरांत फिरता ठेवण्याची कल्पना काढिली. असें पहिलें एंजिन १९५७ मध्यें फिरलें. यांत झडपा नाहींत, धक्के फार थोडे, आणि वजनाच्या मानानें शक्ति पुष्कळ. जपानच्या माझदा कंपनीनें १९६७ मध्यें ‘कॉस्मो’ ही स्पोर्ट्स मोटार या एंजिनावर काढिली. आणि १९९१ मध्यें फ्रान्समधील ल मॉं येथील चोवीस तासांची शर्यत माझदाच्या चार त्रिकोणांच्या एंजिनानें जिंकिली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी. परंतु गुणांबरोबर दोष आलेच. त्रिकोणाच्या कडा घराच्या भिंतीशीं घट्ट राखणें कठिण. शिवाय ज्वलनाची जागा लांब व चपटी असल्यामुळें ज्योत सर्वत्र नीट पोंचत नाहीं. म्हणजे ठिणगी आणि इंधन यांचा मेळ येथें साध्या एंजिनाहून अधिक अवघड.

हलकेपणामुळें हेंच एंजिन वैमानिकाशिवाय उडणाऱ्या विमानांस सोयीचें पडलें. आपल्या सैन्यासाठीं तयार झालेल्या ‘निशांत’ या टेहळणी विमानास पूर्वीं परदेशीं एंजिन असे. तें देशांतच करण्याचें ठरलें तेव्हां काम तिघांनीं वांटून घेतलें. एंजिनाचा गाभा बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनें केला. उड्डाणाच्या चांचण्या तेथीलच एडीई या संस्थेकडे होत्या. आणि ठिणगी व इंधन यांची व्यवस्था आमच्या नगरच्या व्हीआरडीईनें केली. सुमारें तीस किलो वजनाचें, ५५ अश्वशक्तीचें हें एंजिन लावून निशांतनें एप्रिल २००९ मध्यें कोलार येथें उड्डाण केलें. घोडा बंगळुरास घडला आणि वल्गा नगरास वळली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें मोठ्या निर्वैमानिक विमानांसाठीं १८० अश्वशक्तीच्या एंजिनाचें कामहि या संस्थेनें हातीं घेतलें. सुमारें साडेपांच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीच्या निम्म्यावर येतो. माळशेजचा चढ ज्या स्क्रूला भारी पडे, त्याचा तेथें काय पाड? अशा ठिकाणीं क्षणोक्षणीं मोजून देणारी व्यवस्थाच हवी, आणि ती आपल्याच माणसांस समजलेली असली पाहिजे. विकत आणलेल्या बंद पेटीचा दोष काढावयाचा तर पुन्हां विकणाऱ्याच्याच दारीं जावें लागतें.

नगर जिल्ह्याचा दुसरा संबंध उसाचा. प्रवरेकांठीं लोणीस १९५० मध्यें सहकारी साखर कारखाना निघाला, आणि त्यामागून जिल्हाभर साखरेचे कारखाने उभे राहिले. आज त्यांतील कित्येकांतून इथेनॉल निघून पेट्रोलांत मिसळतें. २०२५ मध्यें देशांत हें प्रमाण शेंकडा वीसवर गेलें. इथेनॉलच्या पूर्ण ज्वलनास वजनानें नऊ भाग हवा पुरते, पेट्रोलास १४.७ लागते, म्हणजे मिश्रणाचें सारें गणित बदललें. लॅम्डा सेन्सर असलेली गाडी हा फरक बऱ्याच अंशीं आपण होऊन सांवरते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीस तो कळतच नाहीं. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करितें, म्हणून शर्यतींच्या गाड्यांतहि त्याचा उपयोग होतो. उलट पक्षीं, एका लिटरांतील त्याची उष्णता पेट्रोलापेक्षां सुमारें एकतृतीयांश कमी. त्यामुळें वीस टक्के मिश्रणांत लिटरमागें सहा-सात टक्के उष्णता उणी पडते, आणि गाडी तेवढ्या लिटरांत थोडी कमी चालणें स्वाभाविक आहे. घरांत जुनें वाहन असेल त्यांनीं त्याच्या पुस्तिकेंत ‘ई-२०’ चा उल्लेख आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि नसल्यास रबरी नळ्या व वायसर वेळोवेळीं तपासून घ्यावे.

येथवर वल्गेची स्तुति झाली. तिच्याविषयीं एक कटु गोष्टहि सांगितली पाहिजे. १८ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें फोक्सवॅगन कंपनीवर उघड आरोप ठेविला. तिच्या डिझेल मोटारींतील पेटीस, आपली तपासणी चालू आहे हें ओळखतां येत होतें. तपासणीच्या वेळीं ती धूर स्वच्छ ठेवी, आणि रस्त्यावर आली कीं नायट्रोजनचे विषारी वायु अमेरिकन मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत सोडी. कंपनीस ही फसवणूक मान्य करावी लागली. जगभर अशा सुमारें एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडेहि एआरएआयच्या चांचण्यांनंतर, त्याच वर्षीं डिसेंबरांत, कंपनीनें तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्याचें जाहीर केलें. ज्यांनीं शाळेंत तपासणी-अधिकाऱ्यांची भेट पाहिली आहे त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. त्या दिवशीं फळा स्वच्छ, मुलें गप्प आणि हजेरीपट पुरा; दुसऱ्या दिवशीं पुन्हां मूळ पदावर. फरक इतकाच कीं, येथें ही लबाडी माणसांनीं यंत्रास लिहून दिली होती. यंत्र आज्ञाधारक होतें. आज्ञा खोटी होती. यावर उपाय म्हणून आतां प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवून धूर मोजण्याची पद्धत पडली. आपल्या देशांत ती एप्रिल २०२३ पासून नियमांत आली आहे.

म्हणून एंजिनाचा छंद असलेल्या मुलास घरांत कोणी रागावूं नये, असें आमचें सांगणें आहे. त्याला एवढेंच विचारावें कीं, ती शक्ति येते कोठून आणि आंवरली जाते कशी, तें आम्हांस समजावून सांग. त्याला सांगतां आलें नाहीं, तर तें शोधण्यास त्याला भौतिकशास्त्र, रसायन आणि गणित या तिन्ही पुस्तकांकडे जावें लागेल. सांगतां आलें तर त्याला आय्‌टीआय किंवा तंत्रनिकेतनाची वाट मोकळी करून द्यावी. मिस्त्रीच्या कानाची जागा आतां स्कॅनरनें घेतली आहे. तो वाचतां येणारे आणि त्याच्या पलीकडे जाऊन पेटींतील आज्ञा लिहितां येणारे हात आमच्या जिल्ह्यांत जितके वाढतील, तितकें परावलंबन कमी होईल. ते हात प्रामाणिक असावेत ही शिकवण मात्र कोणत्याहि तंत्रनिकेतनाच्या आधीं घरांतच मिळाली पाहिजे.

आणि ज्या तरुणांस खरोखरीच वेगवान गाडी मिळेल त्यांना एक विनंति. पेटीला प्राणवायु कळतो, ठोका कळतो, चाक घसरूं लागलेलें कळतें. परंतु गळीत हंगामांत रात्रीच्या वेळीं राहुरीच्या किंवा कोपरगांवच्या रस्त्यावर, मागें दिवा नसलेली उसाची बैलगाडी हळूहळू चालली आहे, गाडीवान थंडीनें घोंगडींत गुरफटून बसला आहे, हें पेडलाखालच्या सेन्सरास कळत नाहीं. कठोपनिषदांतील रथाच्या रूपकांत इंद्रियें हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धि हा सारथी, असें सांगितलें आहे. आमच्या काळानें लगाम विजेचा केला. सारथ्याची जागा अजून कोणी घेतलेली नाहीं. रात्रीं नगरच्या रस्त्यानें निघतांना पाय थोडा हलका ठेवावा, आणि घरीं पोंचल्यावर तसें कळवावें. वडील माणसें जागीं असतात.